मेंढरांची सुई

फाईलवर लाल अक्षरात ‘पेनिसिलिन अलर्जी’ आणि लॅबचा रिपोर्ट म्हणतो, पेनिसिलिनच द्या. डॉक्टरांनी राउंडला दोन्ही कागद माझ्यापुढे धरले. करायचं काय, ते त्यांनाही कळेना.

मी साताऱ्यातल्या एका हॉस्पिटलात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. पेशंट धोंडिबामामा, माण तालुक्यातले मेंढपाळ. काटा लागून पाय चिघळलेला. दुसरं अँटिबायोटिक चालू होतं, तरी सूज गुडघ्याकडे सरकत होती. अशीच चढली तर पाय काढावा लागेल, असं सर्जन सांगून गेलेले. पण अलर्जी खरी असेल तर त्याच औषधानं घसा सुजतो, श्वास अडकतो, माणूस हातचा जातो.

अलर्जी कुणी लिहिली? जुन्या फाईलवरून. जुन्या फाईलवर कुणी? देव जाणे.

मामांना विचारलं, तर म्हणाले, तरणा असताना सुई घेतल्यावर चक्कर आली. मामी म्हणाल्या, छे, अंगावर गांधी उठल्या. मामा म्हणाले, त्या गांधी कसल्याशा गोळीनं. मग दोघांची त्यावरच जुंपली. माझं डोकं पार गरगरलं.

वैतागून विचारलं, “त्यानंतर कधी घेतलंय का पेनिसिलिन?”

मामींनी तोंडाला पदर लावला. मामा खालच्या आवाजात म्हणाले,

“सिस्टर, रागवू नगा. मेंढरांस्नी सुई मीच टोचतो. गेल्या साली गळू झालतं, तवा त्यांच्याच बाटलीतलं पाच दिस मारून घेतलं.”

“मेंढरांचं? मग काय झालं?”

“काय न्हाई. गळू बसलं.”

मला रागवावं की हसावं, कळेना. मामांच्या मुलाला फोन लावून बाटलीचा फोटो मागवला. पेनिसिलिनच होतं. डॉक्टर फोटोकडे बघतच राहिले.

तरी मेंढरांच्या भरवशावर माणसाला औषध देता येत नाही. घशाला सूज आली तर लागणारं इंजेक्शन भरून हाताशी ठेवलं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून आधी थोडासाच डोस दिला आणि तासभर मी मामांच्या तोंडाकडे बघत बसले. खरं सांगते, भीती वाटत होती. काही झालं नाही. मग पूर्ण डोस सुरू केला. तिसऱ्या दिवशी सूज उतरू लागली. पाय वाचला. लाल अक्षरं डॉक्टरांनी सही करून खोडली.

तेव्हापासून मी नुसतं ‘अलर्जी आहे का’ विचारून थांबत नाही. काय झालं, कधी झालं, नंतर पुन्हा घेतलं का, सगळं खोदून विचारते.

मामांना मात्र मी चांगलं झापलं, जनावरांचं औषध पुन्हा टोचायचं नाही म्हणून. त्यांनी मान डोलावली. डिस्चार्जच्या दिवशी हळूच जवळ आले.

“सिस्टर, हितल्या उरलेल्या बाटल्या द्या की. मेंढरांस्नी हुतील.”