शास्त्रापुरता आमरस

आमच्या ह्यांची साखर जेवणानंतर वाढते, म्हणून घरातलं सगळं गोडधोड मी माझ्या ताब्यात घेतलं. पुरण असो, श्रीखंड असो, ह्यांच्या वाटीत एक चमचा वाढायचा आणि म्हणायचं, "शास्त्रापुरतं घ्या." मग मी माझी वाटी भरून घेते. मला काय धाड भरली आहे?

यंदा अक्षय्य तृतीया तोंडावर आली आणि हे हट्टालाच पेटले. अख्खी वाटी आमरस हवा! मी म्हटलं, "जेवणानंतर दोन तासांनी साखर डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या आत आणून दाखवा, स्वतःच्या हाताने वाढते." बोलून बसले झालं.

नेमकी तेव्हाच परदेशातून लेक आली आणि येताना उकडलेल्या, सोललेल्या चेस्टनटची पाकिटं घेऊन आली. "बाबा, यानं साखर भाताइतकी झपकन चढत नाही," एवढं ती बोलली मात्र, बाबांनी पुढचं ऐकलंच नाही. नाव सुकामेव्यासारखं, म्हणजे खायचंही तसंच! वरण, भात, पोळ्या, सगळं रीतसर हाणून वर मूठमूठ चेस्टनट खाल्ले. "रताळ्याच्या चवीचं आहे गं," म्हणाले. दोन तासांनी बोट टोचलं आणि आकडा बघून मशीनवरच घसरले. "भंगार आहे हे!" बॅटरी काढून पुसून पुन्हा घातली. आकडा तोच.

"कमाल करता बाबा!" लेकीनं कपाळाला हात लावला. "हे बदामासारखं नाही, बटाट्यासारखं पिठूळ आहे. भाताच्या ऐवजी खायचं, भाताच्या उरावर नाही!"

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या ताटातला भात गेला. उपासाच्या बटाट्याच्या भाजीसारखे मी थोडे चेस्टनट जिरं, मिरची, दाण्याचं कूट घालून परतले. सोबत एक पोळी, पालेभाजी, ताक. शेजारच्या काकू वास काढत आल्या आणि हे उपासाला चालतं का, असं विचारून चव घेऊन गेल्या.

ह्यांनी जन्मभर कारखान्यात मालाची तपासणी केली. एकच नमुना बघून माल पास करायचा म्हणजे ह्यांच्या अंगावर काटा येतो. "तुलनेला एक निरोगी माणूस हवा," म्हणाले. "तू नेहमीसारखी जेव. तुझीही साखर बघू."

मी भात दोनदा घेतला. दोन तासांनी आधी ह्यांचं बोट टोचलं. आकडा आत! अहो, काय तो आनंद! आमच्या वारज्याच्या सोसायटीत खालच्या मजल्यापर्यंत आरोळी गेली असेल. मग मी ऐटीत बोट पुढे केलं. "घ्या, बघा ठणठणीत माणसाचं रक्त."

माझा आकडा ह्यांच्या कालच्या आकड्याच्याही वर.

"भंगार आहे हे मशीन," मी म्हटलं. ह्यांनी बॅटरी काढली, पुसली, पुन्हा घातली. दुसरं बोट टोचलं. तेच. खरंच घाबरले मी. वाटलं, आता हा माणूस सगळं उट्टं काढणार. पण हे एवढंच म्हणाले, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी आहे ना बरोबर."

डॉक्टरांनी रक्ताच्या सगळ्या तपासण्या केल्या आणि ह्यांचंच पथ्य मला लावलं. वर, "घरात अनुभवी माणूस आहेच," असंही म्हणाले. अनुभवी माणूस खुर्चीत ताठ बसला.

अक्षय्य तृतीयेला दिलेल्या शब्दाप्रमाणे मी ह्यांची वाटी काठोकाठ भरली. माझी रिकामीच ठेवली. ह्यांनी आपल्या वाटीतला एक चमचा माझ्या वाटीत घातला, एक स्वतःच्या ताटात, आणि उरलेली वाटी लेकीकडे सरकवली.

"शास्त्रापुरतं घ्या," मला म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मला अहो-जाहो केलं.

लेक समोर बसून मिटक्या मारत होती. माझे डोळे भरून आले आणि खरं सांगते, निम्मे आमरसासाठीच.