मरिया होण्याच्या नादात

मार्था आणि मरिया या दोन बहिणींच्या गोष्टीपायी आमचा पाच लिटरचा कुकर कायमचा निकामी झाला.

गोष्ट तशी साधी आहे. प्रभू येशू या दोघींच्या घरी पाहुणा आला. मार्था बिचारी स्वयंपाकात राबत राहिली आणि मरिया त्याच्या पायाशी बसून बोलणं ऐकत राहिली. मार्थाने तक्रार केली, ‘हिला सांगा ना मला मदत करायला!’ तर प्रभूने तिलाच समजावलं की बाई, तू उगाच नाही नाही त्या काळज्या करतेस, मरियेने चांगला वाटा निवडलाय. एवढंच. यात कुकर कुठेही नाही. तो मी आणला.

पूर्णेच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी घरसभा असते. गाणी, शास्त्रपाठ, त्या घरातल्या कोणाचं तरी मनन म्हणजे छोटंसं प्रवचन, प्रार्थना आणि मग चहा. म्हणजे पूर्वी चहा असायचा. मग कोणीतरी चहाबरोबर चिवडा ठेवला, तिच्यापेक्षा आपण कमी का म्हणून दुसरीने भजी तळली, आणि मनोरमाबाईंनी तर पुलाव करून सगळ्यांचीच पंचाईत केली. या मनोरमाबाई म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या कायमच्या वक्त्या. परभणीला जिल्ह्याचा महिला मेळावा भरला की पूर्णेतर्फे मनन द्यायला त्याच उभ्या राहणार, हे जणू शास्त्रातच लिहिलंय! मलाही त्या व्यासपीठावर एकदा तरी उभं राहायचं होतं. (नम्रपणे, अर्थातच.)

आणि अचानक आमच्या पाळकीणबाईंचा, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या पत्नीचा, फोन आला. “शुक्रवारी सभा तुमच्याकडं आहे ना? मनन तुम्हीच द्या. यंदा मेळाव्यात कोण बोलणार ते आपण तुमचं ऐकूनच ठरवू.”

मी त्याच क्षणी विषय पक्का केला. मार्था आणि मरिया! पाहुणचाराची धावपळ सोडा, वचनाजवळ शांत बसा. आणि हे सांगण्यासाठी मी दोन दिवस धावपळ केली. मटण आणलं, मसाला वाटला, गुलाबजाम तळले, उसने पाट गोळा केले. यात काही विसंगती आहे असं मला अजिबात वाटलं नाही. मी शाळेत शिकवते. शिकवणं वेगळं आणि घर वेगळं, याची मला सवय आहे.

मटणाचा कुकर सभा सुरू असतानाच चढवायचा, म्हणजे सभा संपता संपता वाफाळतं वाढता येईल, असा माझा बेत होता. त्याची जबाबदारी मी आमच्या ह्यांच्यावर टाकली.

“अहो, थोड्या शिट्ट्या झाल्या की हळूच उठायचं आणि गॅस बंद करायचा.”

“थोड्या म्हणजे किती?”

“जन्म गेला रेल्वेच्या नोकरीत आणि शिट्ट्या कळत नाहीत?”

“आमच्या शिट्टीला गाडी हलते गं. तुझ्या शिट्टीला कोण हलणार?”

हे त्यांनी भविष्यच वर्तवलं होतं. मला तेव्हा तो चेष्टेचा सूर वाटला.

शुक्रवारी दुपारी दार वाजलं. उघडते तर गंगाखेडहून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई! काही न कळवता आलेल्या, खांद्याला पिशवी आणि पिशवीतून डोकावणाऱ्या मेथीच्या जुड्या.

“मेथी लय झाली परसात. म्हणलं घेऊन जावी. काय करायलीस? तोंड का उतरलं गं?”

तोंड उतरायला कारण होतं. आत्याबाई दवाखान्यात हेडनर्स म्हणून निवृत्त झालेल्या. अख्खा वॉर्ड त्यांच्या आवाजाने बरा व्हायचा, असं त्या स्वतःच सांगतात. त्यांचे हात रिकामे राहिलेले कोणी पाहिले नाहीत. प्रार्थनेला डोळे मिटतात, पण बोटं भाजी निवडत असतात. आमेन होतं तेव्हा जुडी संपलेली असते. आता मनन रंगायचं तर त्यात एखादं जिवंत उदाहरण हवं. ते उदाहरण गंगाखेडला आहे, या भरवशावर मी मनन तयार केलं होतं. आणि उदाहरण पिशवी घेऊन माझ्या दारात उभं होतं!

आत्याबाईंवरचं ते वाक्य गाळायचं, असं मी स्वतःला बजावलं. संध्याकाळी खोली भरली. पाळकीणबाई खुर्चीत, मनोरमाबाई अगदी पुढे, हे दारापाशी आणि आत्याबाई कोपऱ्यात, मांडीवर मेथी. गाणं झालं. मी कुकर चढवून आले, उभी राहिले आणि बोलायला लागले. काय सांगू, शब्द कसे आपोआप येत होते! पाळकीणबाई मान डोलवायला लागल्या. मनोरमाबाईंचा चेहरा पडला. मग मला कोण आवरणार?

“अहो भगिनींनो, काही बायका तर डोळे मिटून प्रार्थना करतानाही मेथी निवडतात!”

बोलून गेले आणि जीभ चावली. साऱ्या खोलीने एकदम कोपऱ्याकडे पाहिलं. आत्याबाईंनी हातातली जुडी सावकाश बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि हाताची घडी घालून बसल्या.

“बसले बाई. आता कुणी उठ म्हणलं तरी उठायची न्हाई.”

नेमकी तेव्हाच पहिली शिट्टी झाली. मग दुसरी, मग आणखी. हे उठायला लागले. पण मी आता मागे कशी येणार? सासूबाईंना दुखावल्याची लाज वाटत होती आणि लाज वाटली की माझा आवाज चढतो.

“या क्षणी जो स्वयंपाकघराकडे जाईल तो मार्था! मग बाई असो की पुरुष!”

हे अर्धे उठलेले होते, तसेच खाली बसले. अख्ख्या संसारात ह्यांनी माझं इतकं तंतोतंत कधी ऐकलं नव्हतं!

कुकर शिट्ट्या मारत राहिला. प्रत्येक शिट्टीला खोलीतली प्रत्येक बाई तिळतिळ तुटत होती, ते मला समोर दिसत होतं. पण उठणार कोण? जी उठेल ती मार्था! पाळकीणबाई खुर्चीत जरा पुढे सरकल्या आणि लोक बघतायत म्हणून पुन्हा मागे टेकल्या. मनोरमाबाई मात्र डोळे मिटून प्रत्येक शिट्टीला गोड आवाजात “स्तुती असो!” म्हणत होत्या. मी ह्यांना डोळ्यांनी खुणावलं, ‘जा!’ त्यांनी मान हलवली, ‘मी मरिया.’

मग शिट्ट्या थांबल्या. मला वाटलं, देवाने ऐकलं! तेवढ्यात वास आला.

मी घाईघाईने मनन आवरलं आणि चुकून म्हणाले, “मनोरमाबाई, छोटीशी प्रार्थना करा.”

मनोरमाबाईंनी ही संधी सोडली असती तर त्या मनोरमाबाई कसल्या! त्यांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, परीक्षेला बसलेल्यांसाठी केली, रेल्वे खात्यासाठी केली, सरकारसाठी केली, ऊसतोडीला गेलेल्यांसाठी केली. “आणि हे प्रभू, या घरातल्या भगिनीच्या घरकामावरही तुझी कृपा असू दे...” धूर आता खोलीत आला होता. कोणीतरी खोकलं. तरी एकही डोळा उघडेना!

“मनोरमा!” कोपऱ्यातून हेडनर्सचा आवाज आला. “आमेन म्हण.”

“अं?”

“आमेन म्हण आधी! कुकर उडायलाय!” आणि मग माझ्याकडे वळून, “काय गं सूनबाई, प्रभूनं मार्थाला फिकीर करू नको म्हणलं. गॅस बंद करू नको, असं कुठं म्हणलंय? दाखिव मला!”

मी दाखवण्याआधीच आतून ‘फट्’ असा आवाज झाला. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला होता. सारी मंडळी एकदम मार्था झाली आणि दाराशी एकच गर्दी उडाली! ह्यांनी मागच्या दारी ठेवलेला सिलिंडर बाहेरूनच बंद केला. छताला मसाला लागला होता, मटणाचा कोळसा झाला होता आणि कुकरचं बूड काळं पडून फुगलं होतं. कोणाला लागलं नाही, एवढीच देवाची कृपा.

मला रडूच आलं. मेळावा गेला, मटण गेलं, सासूबाईंची माया गेली. पण आत्याबाईंनी पदर खोचला. “रडायलीस कशाला? मेथी हाय की! बसा गं साऱ्या.” आणि काय आश्चर्य, पाळकीणबाईंसकट सगळ्या जणी जमिनीवर गोल करून मेथी निवडायला बसल्या. मनोरमाबाईंच्या पुढ्यात आत्याबाईंनी सगळ्यात मोठी जुडी टाकली. हे पीठ मळायला लागले. (“मार्था व्हायची परवानगी आहे ना?” असं विचारून.) निवडता निवडता कोणीतरी गाणं सुरू केलं, आणि इतकं दणदणीत गाणं आमच्या क्वार्टरमध्ये नाताळातही झालं नव्हतं. मेथी आणि भाकरीवर अशी झुंबड उडाली की गुलाबजाम उरले.

निघताना पाळकीणबाई म्हणाल्या, “मेळाव्याचं ठरलं. विषय मार्था आणि मरिया, आणि मान तुमच्याच घराला.” माझी छाती अशी फुगली! “बोलणार आत्याबाई.”

“पण त्या गंगाखेडच्या आहेत!” मी आणि मनोरमाबाई एकदमच ओरडलो. आमचं आयुष्यात एकमत झालं ते तेवढंच.

“उपदेश तर पूर्णेत केला ना?” पाळकीणबाई म्हणाल्या. “तुम्ही जेवणाचं बघा.”

तर मेळाव्याच्या दिवशी मी मंडपामागे खिचडीच्या पातेल्यापाशी होते आणि आत्याबाई मेथीची जुडी घेऊनच व्यासपीठावर चढल्या. कुकरपासून आमेनपर्यंतची सगळी हकिकत सांगून झाल्यावर कर्ण्यातून आवाज आला, “माझी सून लय गुणाची हाय. तिनं मला जुडी खाली ठेवायला लावली. सगळ्यांसमोर बोलली, मला राग बी आला. पण खरं सांगते, उभ्या जन्मात पहिल्यांदा रिकाम्या हातानं वचन ऐकलं मी. ते हिच्यामुळं!”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला राहवेना. हातात झारा तसाच घेऊन मी मंडपात धावले आणि थेट पुढे, आत्याबाईंच्या पायाशी जाऊन बसले. डोळे भरून आले होते. सारा मंडप माझ्याकडे कौतुकाने बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी खरीखुरी मरिया झाले होते!

आत्याबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी नाक वर करून हवेचा वास घेतला आणि माइकवरूनच विचारलं, “सूनबाई, गॅस?”

आणि परभणी जिल्ह्यातल्या साऱ्या बायका एका सुरात म्हणाल्या, “आमेन!”