शेवटचं रीळ

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते साचतात. जिनिंगच्या आवारात सरकी साचते तसे. कापूस निघून जातो, गाठी निघून जातात आणि कोपऱ्यात हा ढीग उरतो. आमच्या बाकाचं तेच झालं. त्या वर्षांत कचेरीत मी काय काम केलं ते धड आठवत नाही, पण सिनेमांवर केलेली कटकट सगळी आठवते.

बाक होता अमरावतीला, अंबागेटजवळ, वानखड्याच्या कापडदुकानासमोर. बसणारे चौघं. दुकानवाला वानखडे, पोस्टात टपाल लावणारा मेश्राम, शाळेत मराठी शिकवणारे बाबूराव आणि मी. नियम एकच. पुस्तकावरून काढलेला सिनेमा गावात लागला की आधी वाचनालयातून ते पुस्तक आणायचं, चौघांनी आळीपाळीनं वाचायचं आणि मगच थिएटरात शिरायचं. हा नियम कोणत्या गाढवानं केला देव जाणे. त्यानं आम्हाला एकही सिनेमा सुखानं पाहू दिला नाही. पुस्तक न वाचलेली माणसं डोळे पुसत, शेंगदाणे खात बाहेर पडायची. आम्ही चौघं मयतीहून परतल्यासारखे.

* * *

वानखड्याला वाचायचा कंटाळा. तो फक्त शेवटचं पान वाचायचा. म्हणायचा, "मधलं पडद्यावर दिसतेच, मंग डोये कायले फोडू?"

एकदा असाच शेवट वाचून आला. मध्यंतरापर्यंत शांत बसला. मग पडद्यावर घरातला म्हातारा नातवाच्या वरातीत लेझीम खेळायला लागला, तसा हा उठून उभा! मागचे ओरडले, "बसा, बसा."

"बसू कसा? हा मेला व्हता. म्या सोता वाचलं. मेलेला माणूस नाचून राहिला अन् तुमी मलेच बसा म्हन्ता?"

दारावरच्या माणसानं त्याला बाहेर काढलं. खेळ सुटल्यावर पाहतो तर हा पायरीवर बसलेला. आमची वाटच पाहत होता.

"मंग? मेला का शेवटी?"

नव्हता मेला. शेवटी त्यानं पणतूचं बारसं केलं. 

* * *

मेश्राम मुळातच कमी बोलायचा. नागपूरला दीक्षा घेऊन आला आणि पुढच्याच पगारात त्यानं पुस्तकं ठेवायला पेटी घेतली. त्यात एक कादंबरी होती, तेवढी मात्र वाचनालयाची नव्हे, त्याची स्वतःची. गावाबाहेर राहणाऱ्या एका मुलाची गोष्ट. सगळं पुस्तक त्या गावच्या विहिरीभोवती फिरायचं. मेश्रामनं आम्हा तिघांना ती कव्हर घालून वाचायला दिली होती.

तिचा सिनेमा आला. मुलगा दुमजली घरात राहत होता आणि बाजाची पेटी वाजवून गात होता. विहीर होती, पण तिच्यावर नायिका गाणं म्हणायला यायची.

बाहेर आल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे तावातावानं बोलत होतो. मेश्रामनं चहा संपवला. मग म्हणाला, "पुस्तकात तो गावाबाहेर राहे. यायनं गावच काढून टाकलं. आता कोनाच्या बाहेर राहीन तो?"

आम्ही तिघं आवडीनिवडीचं भांडत होतो. त्याचं तर घरच पडद्यावरून पुसलं गेलं होतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

* * *

इतकं पाहूनही बाबूराव शहाणे झाले नाहीत. त्यांनी स्वतः लिहिलेल्या कादंबरीला सिनेमासाठी मागणी आली तेव्हा ते हुरळून गेले.

कादंबरी त्यांच्या थोरल्या बहिणीवर होती, हे अख्ख्या अमरावतीला माहीत होतं. अक्काला नवऱ्यानं मूल होत नाही म्हणून घराबाहेर काढलं. ती परतवाड्याला आली, शिलाई मशीन घेतलं आणि लोकांची पोलकी-परकर शिवून राहिली. बऱ्याच वर्षांनी नवरा न्यायला आला. अक्कानं दाराबाहेरच त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, "पेऊन घ्या. मोटर सुटन तुमची." कादंबरी तिथंच संपते. बाबूराव सांगायचे, बाकीचं पुस्तक मी लिहिलं, शेवट अक्कानं लिहिला.

अक्कानं मात्र ते वाचलं नव्हतं. तिला वाचता यायचं. पण म्हणायची, "मले ठाऊक हाय त्याच्यात काय हाय."

सिनेमावाला मुंबईहून अकोल्याला एका कापूस व्यापाऱ्याकडे उतरला होता. आम्ही चौघं भेटायला गेलो. त्यानं कादंबरी वाचली नव्हती, गोष्ट कोणाकडून तरी ऐकली होती. त्याचा प्रश्न एकच, "बाई घरी परत जात नाही म्हणता? मग पब्लिक घरी कशी जाईल?"

बाबूरावांनी जीव तोडून समजावलं. तो सगळ्याला मान डोलवत होता. कागदावर सही झाली, आणि निघताना पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुमचं अगदी बरोबर आहे मास्तर. शेवट आपण नीट करून घेऊ."

मोटारीत बाबूराव खुशीत होते. "नीट करतो म्हणाला."

वानखडे खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "जे मोडलंच नाई ते नीट करतो म्हन्ते. मले तं भेव वाटून राहिलं, मास्तर."

* * *

सिनेमा लागला. पडद्यावर परतवाडा आला आणि घरामागं नारळाची झाडं डोलायला लागली. वानखडे कुजबुजला, "अक्कानं नारय कवा लावले?" बाबूराव हसले. ते त्या खेळातलं शेवटचं हसणं.

नवरा दारात आला. आमच्या चौघांचे डोळे तांब्या शोधत होते. तांब्या आला नाही. नायिका धावत आली, नवऱ्याच्या पायावर पडली, त्यानं तिला क्षमा केली! तिनं त्याला नव्हे, त्यानं तिला. मग गाणं झालं आणि बैलगाडी सासरच्या वाटेला लागली. थिएटर हुंदके देत होतं.

बाहेर एका गृहस्थानं बाबूरावांचे दोन्ही हात धरले. "मास्तर, बाकी काहीबी असो, शेवट झकास केला तुमी."

आठवड्याभरात वाचनालयात एकानं कादंबरी परत आणून टाकली आणि तक्रार केली की शेवटची पानं कोणीतरी फाडलेली आहेत. ग्रंथपालानं पानं मोजून दाखवली तरी त्याला पटेना.

बाबूराव बाकावर यायचे बंद झाले. घरी गेलो तर म्हणाले, "पुस्तक बुडालं तर बुडू द्या हो. पण अक्कानं हे पाहिलं तर काय तोंड दाखवू? जन्मभर जे तिनं केलं नाही, ते मी तिच्याकडून चारचौघांत करवून घेतलं."

* * *

आणि मग परतवाड्याला टुरिंग टॉकीजचा तंबू लागला. सिनेमा बाबूरावांचाच. अक्काचा निरोप आला, "लोक म्हनून राहिले, त्याच्यात मी हावो. मी पाह्यले चालली."

आम्ही चौघं मोटारीनं धावलो. बाबूरावांनी काय नाही सांगितलं! प्रिंट खराब आहे, डोळ्यांना त्रास होईल, तंबूत विंचू निघतात. अक्कानं बसायला सतरंजी घेतली, दाराला कुलूप लावलं आणि चालायला लागली. ती कनातीपलीकडे बायकांत बसली, आम्ही अलीकडे पुरुषांत. बाबूरावांचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच, ते कनातीकडे पाहत होते.

त्या तंबूवाल्याची एक रीत होती. त्याचे तंबू दोन, एक परतवाड्याला आणि एक लागूनच असलेल्या अचलपूर शहरात. सिनेमाची प्रिंट मात्र एकच. अचलपूरला खेळ आधी सुरू व्हायचा, आणि एक एक रीळ संपलं की सायकलवर इकडे यायचं.

पडद्यावर नवरा दारात आला. त्यानं हाक मारली, आणि पडदा पांढरा झाला. शेवटचं रीळ आलंच नव्हतं.

लोक थोडा वेळ थांबले, मग शिट्ट्या सुरू झाल्या. सायकलवाला हात हलवत आला. अचलपूरच्या पब्लिकला शेवट इतका आवडला होता की त्यांनी तंबूवाल्याच्या माणसाला घेराव घालून तेच रीळ पुन्हा लावायला लावलं होतं, आणि अजून सोडत नव्हते.

इकडे कनाती हलायला लागल्या. तंबूवाला घाबरून भोंग्यावर आला. "मायबापहो, गडबड करू नका! ज्यानं अमरावतीले पुरा पाह्यला असंन त्यानं इथं येऊन बाकीचं सांगावं."

वानखड्याला कधी गप्प बसावं ते आयुष्यात कळलं नाही. तो उठून म्हणाला, "इथं तं लिहिनाराच बसला हाय!"

झालं. चार हातांनी बाबूरावांना उचललं आणि भोंग्यापुढं उभं केलं.  पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी हात जोडून म्हणाला, "सांगा जी मास्तर. गेली का नाई गेली नवऱ्यासंगं?"

बाबूरावांनी तोंड उघडलं. खरं सांगावं तर लोक तंबू फाडतील, सिनेमातलं सांगावं तर पलीकडे अक्का. ते कनातीकडे पाहायला लागले.

"बोला ना जी!"

कनातीपलीकडून सतरंजी झटकल्याचा आवाज आला. मग अक्काचा.

"नाई गेली. पानी पाजलं अन् पाठवून देल्लं. उठा आता."