तारामतीबाईंचा राणी रंग

लातुरात जिथं गल्लोगल्ली डॉक्टर घडवायचे क्लास आहेत, तिथं मी चित्रकलेचा क्लास काढला. यावरून माझी अक्कल कळलीच असेल. विद्यार्थी मोजकेच. त्यांतल्या एक खाली मेस चालवणाऱ्या तारामतीबाई.

"सर, मला राणी रंगाचं लई भ्या वाटतं. तेवढं घालवा," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या.

निकाल लागला की आमच्या रस्त्यावर ढोल वाजतात, राणी रंगाचा गुलाल उडतो. बाई तेव्हा मेसचं शटर ओढून आत बसायच्या. यंदा त्यांच्या लेकीचाच, सृष्टीचा, मेडिकलचा निकाल होता. तिच्या आनंदात आपण किंचाळलो तर? या धसक्यानं त्यांची झोप उडाली होती.

मी म्हटलं, आपण अमूर्त चित्र काढू. घर नाही, झाड नाही. नुसता रंग, आणि मनात येईल तसा हात. हिरवा, पिवळा त्यांनी कणीक मळावी तसा मळला. राणी रंगाची बाटली उघडली की मात्र घाम फुटायचा. एकदा मातकट रंगावर त्याचा ठिपका दिला आणि बाई नखांनी कागद खरवडत सुटल्या. कागद फाटला तरी थांबेनात. खरं सांगतो, मीच घाबरलो.

त्र्याण्णवच्या गणपतीत त्या माहेरी, किल्लारीकडं गेल्या होत्या. विसर्जनाच्या रात्री भूकंप झाला. त्या अंगणात झोपल्या म्हणून वाचल्या, श्रीमंत नावाचा भाऊ गेला. मला एवढंच ठाऊक होतं.

निकालाच्या दिवशी खाली ढोल सुरू झाला. बाई वर येऊन कागदासमोर बसल्या, हातात तीच बाटली. ओठ पांढरे पडलेले. सृष्टी पास झाली होती. ती धावत वर आली ती ओल्या केसांनी. मैत्रिणींनी टाकलेला गुलाल तिनं आईसाठी नळाखाली धुऊन टाकला होता.

"आई, बघ. कुठंच न्हाई आता."

बाई किंचाळल्याच. तिच्या ओल्या केसांत दोन्ही हात घालून म्हणाल्या, "धुऊ नको गं! पडक्या घराच्या मातीत गुलाल दिसला, श्रीमंत तिथंच असंल म्हणून मी तिथंच उकरत बसले. नुसती गुलालाची पिशवी निघाली. श्रीमंत मागल्या भिंतीखाली होता. लई वेळ जित्ता होता म्हणले. अंगावरचा गुलाल धुऊन, आंघोळ करून झोपला होता गं तो."

त्यांनी राणी रंगात बोटं बुडवली आणि सृष्टीच्या केसांना, कपाळाला, कानामागं रंग फासायला लागल्या. सृष्टी जागची हलली नाही.

"आता सापडशील," बाई म्हणत होत्या. "आता सापडशील."