चाकं करणाऱ्या सुताराच्या शेजारी

नोकरी गेल्याचं मी बायकोला सहा आठवडे सांगितलं नाही. कारण विचाराल तर हिंमत झाली नाही, बस्स. इथल्या ईस्ट टामाकी या उपनगरातल्या ज्या कारखान्यात मी मशिनांची डिझाइनं करायचो, तिथल्या साहेबाने एका सोमवारी "सॉरी मेट" म्हणून माझी जागाच रद्द केली. माझा व्हिसा त्याच कंपनीला बांधलेला, बायकोचा आणि मुलीचा माझ्या व्हिसाला. तो संपायच्या आत दुसरी कंपनी मिळाली नाही, तर तिघांनी बॅगा भरायच्या. आठवड्याभरात मिळेलच, मग सांगू, असं मी ठरवलं. डोंबल मिळतेय!

रोज सकाळी बायको डबा हातात द्यायची, मी फ्लॅट बुश भागातल्या आमच्या घरून गाडी काढायचो आणि एका जुन्या चर्चच्या स्मशानभूमीबाहेर लावायचो. लायब्ररीत जायची सोय नव्हती, तिथे आपली मराठी मंडळी पोरांना घेऊन येतात. मेलेल्या गोऱ्यांत ओळखीचं कोण भेटणार? गाडीत बसून फोनवरून अर्ज पाठवायचे, नकार वाचायचे, पाय आखडले की थडग्यांमधून फिरायचं.

तिथे तो भेटला. कोपऱ्यात कललेला दगड, त्यावर नाव आणि खाली धंदा: गाड्यांची चाकं करणारा. इतिहासाची हौस असलेल्या कुणीतरी शेजारी फलक लावलाय. तो मी इतक्यांदा वाचला की पाठ झाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा सुतार, तरुणपणी इंग्लंडहून जहाजाने आला आणि चौकात शेड टाकून बसला. बैलगाड्यांची, दुधाच्या गाड्यांची चाकं करायचा. चाकाभोवतीची लोखंडी धाव लालबुंद तापवून लाकडावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं, की ती आकसून घट्ट बसते. कॉलेजात आम्ही श्रिंक फिट म्हणून हेच शिकलो. म्हणजे माणूस आमच्याच लायनीतला! गावात कुणी गेलं की शवपेटीही हाच करायचा. स्वतःच्या दोन लेकरांच्याही त्यानेच केल्या. ते वाचून पहिल्या दिवशी मी तिथेच गवतात बसलो.

फलकावर शेवटी त्याच्या मुलीने सांगितलेली आठवण होती. बाहेरून तयार चाकं स्वस्तात यायला लागली आणि याचं काम संपलं. तरी तो रोज सकाळी शेडमध्ये जायचा, भट्टी पेटवायचा आणि संध्याकाळी घरी यायचा. धूर दिसायचा, पण हातोडा ऐकू यायचा नाही. घरात सगळ्यांना कळलं होतं. कुणी बोललं नाही.

"अरे बाबा, तू तरी सांगून टाकायचंस," मी त्याला म्हणालो. चांगला मोठ्याने. कुत्रा फिरवणारी एक म्हातारी "किआ ओरा" असा इथला नमस्कार म्हणाली आणि जरा लांबून गेली.

आता माझं शहाणपण ऐका. लपवण्यात मी कसर ठेवली नव्हती. गळ्यात आयडी कार्ड, तोंडी मोटरवेच्या ट्रॅफिकची कटकट, साहेबाला दोन शिव्या, सगळं जागच्या जागी. पण आमच्या घरचं वळण असं, की स्मशानातून आलं की कशालाही न शिवता आधी अंघोळ. एरवी मी देवापुढे उभा राहतो तो सणावारीच, पण हे काही सुटेना. डबासुद्धा फाटकाबाहेर गाडीतच खायचो. त्यामुळे ऐन थंडीत रोज संध्याकाळी गराजमधून थेट खालच्या बाथरूममध्ये, डोक्यावरून अंघोळ. मुलीने एकदा विचारलंसुद्धा, "बाबा, व्हाय आर यू ऑलवेज वेट?" जिम लावलीय, असं ठोकून दिलं.

सहावा आठवडा संपत आला आणि 'ते रापा' नावाच्या भागातल्या एका कंपनीने दोन मुलाखती घेऊन नाही म्हटलं. तीच एक आशा उरली होती. त्या दिवशी डबा उघडलाच नाही. सुताराच्या शेजारी बसून मी पोटभर रडलो.

घरी आलो तर बाथरूमच्या दारात टॉवेल आणि धुतलेले कपडे काढून ठेवलेले. बायको तिथेच उभी.

"अंघोळ कर," ती म्हणाली, "आणि मग सांग, रोज कुणाच्या मयताला जातोस?"

मी खांद्यावरची बॅग सावरली.

"ऑफिसातून आलेला माणूस आधी चहा मागतो रे. बुटांना माती, डोक्यावरून अंघोळ, पोरगी जवळ आली तरी मागे सरतोस. मी काय आंधळी आहे? तीन आठवडे वाट बघतेय. रोज वाटायचं, आज सांगेल."

"नोकरी गेली," मी म्हणालो.

"ते कळलं मला. व्हिसाचे किती दिवस उरलेत?"

"एकोणीस."

तिने भिंतीला हात टेकला. मग माझ्या खांद्यावरची बॅग ओढून घेतली आणि डबा उघडला. पोळ्या, भेंडीची भाजी, सगळं सकाळी भरलं तसंच. इतका वेळ धीराने उभी होती, ते बघून मात्र ती कोसळली.

"शिवू नकोस, अंघोळ व्हायचीय माझी," मी म्हणालो.

"मरू दे ती अंघोळ!" तिने मला तसंच घट्ट धरलं. बराच वेळ आम्ही दोघं वॉशिंग मशीनला टेकून रडत होतो. मग तिने नाक पुसलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"उद्यापासून घरी जेवत जा," ती म्हणाली.