टेलिफोन नसल्याचा दंड

सासूबाई अमरावतीहून आमच्याकडे अमेरिकेत, नोव्हायला राहायला येणार, म्हणून आम्ही छतावर डिश बसवली. सासरे गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच इतक्या लांब, इतक्या दिवसांसाठी येत होत्या. तहसील कचेरीत आयुष्य काढून त्या अव्वल कारकून म्हणून रिटायर झाल्या होत्या. रिकामं बसणं त्यांना माहीत नव्हतं. इकडे नवरा मोटारींच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत, मी हॉस्पिटलच्या आयटीत, मुलगी शाळेत नाहीतर सुट्टीत समर कॅम्पला. सकाळी सगळे बाहेर पडलो की घरात आई एकट्या. तेव्हा घरात मराठी बोलणारं काहीतरी हवं, मग तो टीव्ही का असेना, असं आमचं ठरलं.

सॅटेलाइट कंपनीचा विक्रेता फोनवर इतका गोड बोलला की त्याच्या तोंडात साखर विरघळत असावी. दोन रिसीव्हर मिळाले. एक फॅमिली रूममध्ये, एक खाली बेसमेंटमध्ये आईंच्या खोलीत. आई त्याला डबडं म्हणायच्या. "तुझं ते खालचं डबडं गरम होतं गं," असं.

मालिका त्या आवडीने बघत असतील असं कुणी समजू नये. त्या नावं ठेवायला बघायच्या. एखादी सून उगाच डोळे पुसत पायऱ्या उतरायला लागली की सोफ्यावरून आवाज यायचा, "काऊन रडते ही? एक शब्द बोलली असती तर पहिल्याच दिवशी मिटलं असतं. पण मग हे लोक खातील काय?" मुलगी शाळेतून आली की शेजारी बसायची. तिला निम्मं मराठी कळायचं नाही, पण आजीचे शेरे कळायचे. "आजी इज सो सॅव्हेज," असं ती मला एकदा म्हणाली. ते कौतुक होतं, हे मला जरा वेळाने समजलं.

पहिलं बिल आलं त्यात एक आकार होता, 'टेलिफोन लाइन न जोडल्याबद्दल'. मला वाटलं, चूक असेल. मी फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवून झाल्यावर एक बाई आल्या.

"तुमचे रिसीव्हर घरातल्या टेलिफोनच्या लाइनला जोडलेले नाहीत, म्हणून तो आकार आहे," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे लाइनच नाही. आम्ही मोबाइल वापरतो."

"हो. म्हणूनच तो आकार आहे."

"पण टीव्हीला टेलिफोन कशाला लागतो?"

"तुमच्या सोयीसाठी, मॅम. रिमोटचं बटण दाबून सिनेमा ऑर्डर करता येतो."

"मला ऑर्डर करायचा नाही."

"पण करावासा वाटला तर करता येईल ना."

मग त्यांनी उपाय सुचवला की मी नवी टेलिफोन लाइन घ्यावी. त्या लाइनचं भाडं दंडाच्या कितीतरी पट होतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग दंड भरणं तुम्हाला स्वस्त पडेल." आणि आणखी काही मदत हवी आहे का, असंही विचारलं.

संध्याकाळी आईंना हे सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली. "म्हणजे नाही त्या वस्तूचे पैसे? बाप्पा! आम्ही विहीर नसलेल्या माणसाला विहिरीचा कर लावला असता, तर लोकांनी कचेरी पेटवली असती."

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना यार. किरकोळ तर आहे." माझा नवरा भांडण टाळण्यासाठी काहीही भरायला तयार असतो. ह्या देशातल्या अर्ध्या कंपन्या त्याच्यासारख्या माणसांवरच जगतात.

ह्या दंडाचं खरं कारण मला कंपनीने नाही, आमच्या मराठी मंडळातल्या एका काकांनी सांगितलं. जुलैत मंडळाची पिकनिक होती, तळ्याकाठी. काका ग्रिलवर कणसं भाजत होते. हे काका गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात दरवर्षी 'आपले संस्कार पुढच्या पिढीपर्यंत कसे न्यावेत' ह्यावर बोलतात, आणि मुलं मागच्या दाराने जिममध्ये बास्केटबॉल खेळायला पळतात. मी दंडाचा विषय काढला तर ते खो खो हसले.

"तुम्ही खरंच भरता? अहो, ती सोयबीय सगळ्या थापा आहेत. लोक एका खात्यावर डबे घेतात आणि मित्रांत वाटतात. डबा टेलिफोनला जोडलेला असला की तो कुणाच्या घरात आहे हे कंपनीला कळतं. त्या पहाऱ्यासाठी सगळं."

"मग तुमच्याकडे लाइन आहे?"

काकांनी इकडेतिकडे बघितलं. आजूबाजूला ऐकणारे पुरेसे आहेत ह्याची खात्री करून घेतली असावी. "माझ्या खात्यावर तीन डबे. एक माझा, एक मेव्हण्याकडे, एक मित्राकडे. टेलिफोनचा असा जुगाड केलाय की कंपनीला वाटतं तिन्ही माझ्याच घरात. मला एक पैसा दंड नाही."

काकू शेजारी कागदी प्लेटा मांडत होत्या. "ह्यांचं डोकं भारी चालतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता की जणू काकांनी उपग्रहच सोडला होता. त्यांच्या घराला तीन गाड्यांचं गॅरेज आहे. भुरट्या चोराची मला कधी कीव तरी येते. ह्यांची मला तीही आली नाही. आई माझ्या बाजूलाच बसल्या होत्या. त्यांनी काकांनी दिलेलं कणीस न खाता प्लेटमध्ये ठेवून दिलं.

म्हणजे चित्र असं होतं. काका चोरी करत होते आणि कंपनीच्या लेखी सज्जन होते. आम्ही दोन्ही डबे घरात ठेवून, वेळेवर बिल भरून, संशयित होतो. तो नुसता संशयही नव्हता, हे मला ऑगस्टमध्ये कळलं.

दुपारी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. मोबाइल वाजला. सॅटेलाइट कंपनीचा माणूस. आवाज पोलिसासारखा.

"तुमच्या खात्याची तपासणी चालू आहे. दोन्ही रिसीव्हर चालू करा आणि स्क्रीनवर दिसणारे नंबर मला वाचून दाखवा. आत्ता."

मी खोलीबाहेर आले. "मी घरी नाही. ऑफिसात आहे."

"मग फोन कसा उचलला?"

"हा मोबाइल आहे. माझ्याबरोबर असतो."

"आम्ही खात्यावरच्या नंबरवर फोन केला आहे, मॅम. तिथे तुम्ही रिसीव्हरजवळ असणं अपेक्षित आहे."

मी म्हटलं, संध्याकाळी घरी गेल्यावर वाचते. तो म्हणाला, तपासणी फोन ठेवेपर्यंतच करता येते, मधल्या वेळात रिसीव्हर कुठून कुठेही हलवता येतात. मी म्हटलं, "घरी माझ्या सासूबाई आहेत आणि रिसीव्हरही तिथेच आहेत. मी त्यांना विचारून लगेच तुम्हाला फोन करते." तो म्हणाला, त्यांचं नाव खात्यावर नाही. मग "तपासणीस नकार" अशी नोंद केल्याचं सांगून त्याने फोन ठेवला. मी खरं तर परत फोन करायला हवा होता, पण आत खोलीत सहा माणसं माझी वाट बघत होती, आणि मला वाटलं, कितीही मूर्ख असले तरी एका दिवसात काय करतील?

घरी पोचले तर फॅमिली रूममध्ये पडदे ओढून अंधार. आई सोफ्यावर काळ्या टीव्हीसमोर बसलेल्या. पुढ्यात दोन्ही रिमोट, बारीक अक्षरं वाचायला घेतलेला नवऱ्याचा जुना चष्मा, आणि वायरींचा एक गुंता त्यांनी सोडवून नीट ठेवलेला. जेवणाचं ताट ओट्यावर तसंच झाकलेलं.

"माझ्या हातून काहीतरी बिघडलं गं," त्या म्हणाल्या. "बातम्या चालल्या होत्या आणि एकदम बंद. मी पिना काढून घातल्या, खालचं डबडंही पाहिलं. तेही गेलं. तुला फोन करणार होते, पण म्हटलं कामात असशील."

"जेवला का नाहीत?"

"काय जेवते. एवढी महागाची वस्तू. इथे येऊन सुनेच्या घरचं नुकसान."

तीस वर्षं कचेरीत भल्याभल्या पुढाऱ्यांना 'रांगेत या' सांगणारी ही बाई, एका डबड्यामुळे दुपारपासून उपाशी बसली होती. त्या क्षणी कंपनीबद्दल मला जे वाटलं त्याला राग म्हणत नाहीत. रागात समोरच्याला माणूस समजावं लागतं.

मी त्यांना वाढून दिलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी जेवण शांतपणे संपवलं, हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "लाव फोन. आणि त्याला जोरात बोलायला सांग."

मी स्पीकर लावला. माझं नाव, पत्ता, ओळख पटवून झाली. पलीकडचा मुलगा म्हणाला, रिसीव्हर परत सुरू करायचे असतील तर कंपनीचा माणूस घरी येऊन खात्री करील, आणि शक्यतो टेलिफोन लाइन घ्यावी. मी तोंड उघडायच्या आत आईंनी कचेरीतल्या इंग्रजीत सुरुवात केली. प्रत्येक शब्द सुटा, ठोकलेला. टेलिफोन नसणं हा तुमच्या देशात गुन्हा आहे का? कुठल्या नियमाखाली बंद केलं? नियमाचा क्रमांक सांगा. तुमच्यावरचा अधिकारी कोण?

मुलगा गडबडला. "मॅम, आर यू ॲन ऑथराइज्ड यूजर?"

"आय ॲम द ओन्ली यूजर!" आई गरजल्या.

जिन्यात बसलेली मुलगी हसून लोळायला लागली. नवरा गॅरेजमधून आत येत होता, तो दारातच थबकला.

मुलाने वरिष्ठाला दिलं. वरिष्ठाने आधी समजावलं, मग अचानक उदार होऊन दंड माफ केला, सिनेमाची चॅनल्स फुकट देऊ केली. दुपारी चोर ठरवलेल्या माणसाला संध्याकाळी बक्षीस. आईंनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "हा आता लाच देतो आहे का?" मी म्हटलं, तसंच काहीसं. त्या म्हणाल्या, "मग बंद कर. सगळंच बंद कर."

मी कनेक्शन कॅन्सल केलं. मुदतीआधी तोडल्याचा भुर्दंड त्यांनी लावायचा प्रयत्न केला. आईंनी तेवढंच पुन्हा विचारलं, "अंडर विच रूल?" आणि तो कंपनीने सोडून दिला. आधी भरलेला दंड मात्र परत मिळाला नाही. रिसीव्हर खोक्यात भरून पाठवायचे होते. आईंनी ते स्वतः बांधले, सुतळी नव्हती म्हणून माझी जुनी ओढणी फाडून. छतावरची डिश कंपनीने नेली नाही. ती तुमचीच, असं सांगितलं.

मंडळातल्या काकांना हे कुठून तरी कळलं. देवळात भेटले तेव्हा म्हणाले, "आई, तुम्ही आमच्याकडे या ना मालिका बघायला. आमचं मस्त चालू आहे."

"नको," आई म्हणाल्या. "तुमचं कुणी विचारायला आलं तर मला खोटं बोलावं लागेल." काका हसले. त्यांना विनोद वाटला. त्यांचे तिन्ही डबे पुढे कित्येक वर्षं सुखाने चालले.

मालिकेचा प्रश्न आईंनी आपला आपण सोडवला. सकाळी माझ्या जुन्या मोबाइलवरून त्या अमरावतीला धाकट्या बहिणीला फोन लावायच्या. तिकडे आदल्या रात्रीचे भाग बघून झालेले असायचे. मावशी एकेक प्रसंग सांगायच्या आणि आई इकडून झोडपायच्या. मी मुलीचा डबा भरताना ऐकायचे. मधे जाहिराती नाहीत, आणि रडण्याला मावशी फार वेळ देत नसत, "मग ती रडली, पुढे ऐक," एवढंच. सप्टेंबरात मावशींनी मालिकेतली एक आगाऊ आत्या हार्टॲटॅकने गेल्याचं सांगितलं. आईंना समाधान वाटलं.

नोव्हेंबरात त्या परत गेल्या. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मला वाटलं, प्रवासाचं सांगतील.

"ती आत्या जिवंत आहे गं!" आई म्हणाल्या. "चांगली धडधाकट. आत्ता टीव्हीवर माझ्यासमोर बसून पापड लाटते आहे. माझ्या बहिणीला आवडत नव्हती म्हणून तिने परस्पर मारली."