केवळ प्राप्त नमुन्यापुरते

सरकारी प्रयोगशाळेत त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे 'रीतसरताई' म्हणत. शिपायानं चहाचा कप वजनकाट्याच्या टेबलावर ठेवला की त्या म्हणत, "रीतसर तिकडे ठेवा हो." साहेबांनी तोंडी काही सांगितलं की, "रीतसर लिहून द्या." रजा हवी असलेल्याला, भांडण मिटवायचं असलेल्याला, फार काय सर्दी झालेल्यालासुद्धा त्यांचा सल्ला एकच. लोक पाठीमागे हसत. पण हसणाऱ्यांनाही माहीत होतं, की ताईंच्या हातून निघालेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

विषारी द्रव्यं शोधायची, हे तिथलं काम. खेळणी येत, रंग येत, प्लास्टिकचे डबे, पडद्यांची कापडं, वायरींची आवरणं येत. नमुना लाखेचं सील लावलेल्या पाकिटात यायचा. आवक-खोलीतला कारकून त्यावरचं कारखान्याचं नाव काढून नुसता क्रमांक चिकटवायचा. नमुना कुणाचा हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, हा पहिला नियम. मग ताई तो खरवडत, कुटत, तोलत. तोलताना कुणी दार आपटलं तरी काटा हलायचा, म्हणून दाराला त्यांनी रबराची पट्टी लावून घेतली होती. नंतर ती पूड आम्लात उकळायची, गाळायची आणि यंत्राच्या ज्योतीत सोडायची. सोबत नुसत्या आम्लाची एक बाटलीही चालवायची. तिला 'कोरा' म्हणत. आपलीच भांडी घाण नाहीत ना, हे त्या कोऱ्यावरून कळे. शेवटी अहवाल, अहवालाच्या तळाला छापील ओळ, 'सदर निष्कर्ष केवळ प्राप्त नमुन्यापुरते मर्यादित', आणि तिच्याखाली ताईंची सही. ती ओळ त्यांनी कधी वाचली नव्हती. रोजच्या वाटेवरची पाटी कोण वाचतं?

ताईंचं लग्न झालं नाही. आई लवकर गेली आणि धाकट्या भावाला वाढवता वाढवता लग्नाचं वय निघून गेलं, इतकं साधं ते प्रकरण. भाऊ शाळेत रमला नाही. रंगाच्या कारखान्यात लागला, आणि कोरडी पूड मिसळण्याच्या खात्यात राहिला तो राहिलाच. नखं कायम पिवळी. त्याची बायको त्याला लाडानं 'हळद्या' म्हणायची. त्यांना एक लहान मुलगी होती.

एका वर्षात हा हळद्या वाळत गेला. पोटात मुरडा यायचा, जेवण नकोसं व्हायचं. एकदा ताईंच्या घरी चहा पिताना बशी त्याच्या हातातून निसटली आणि मनगट खाली लोंबत राहिलं. तो ओशाळून हसला. हसताना हिरड्यांच्या कडेला ताईंना निळसर रेघ दिसली. त्या रेघेबद्दल त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. ती शिशाच्या विषबाधेची रेघ होती.

दवाखान्यातले डॉक्टर भावाला म्हणाले, "मलाही तोच संशय आहे. पण रक्त मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल, आणि कामाच्या जागी शिसं असल्याचा सरकारी अहवाल असल्याशिवाय ते घेत नाहीत. तो आणा. उपचारही होतील, तुमचं खातंही बदलून मिळेल."

दुसऱ्याच दिवशी भाऊ प्रयोगशाळेच्या फाटकाशी आला. खिशातून त्यानं पत्र्याची एक डबी काढली. आत चमचाभर पिवळी पूड.

"ताई, तुझ्या यंत्रात घाल आणि सांग. पाच मिनिटांचं तर काम."

इथे दुसरी कुणी बहीण असती तर डबी पदराआड घेऊन आत गेली असती. ताईंनी ती उघडून पाहिली, पूड बोटावर घेतली, नारिंगीकडे झुकणारा तो रंग डोळ्यांत साठवला आणि डबी परत केली.

"असं चालत नाही रे. याला सील नाही, इन्स्पेक्टरची सही नाही. आकडा मिळाला तरी डॉक्टर तो मानायचे नाहीत. तू रीतसर तक्रार कर. इन्स्पेक्टर येऊन नमुना घेईल, तो आमच्याकडेच येईल. मग बघ."

"मालक चिडेल."

"चिडू दे. सरकारी कागद हातात असला म्हणजे कुणाची टाप आहे?"

भावानं तक्रार केली. आजवर ताईचं ऐकून त्याचं कधी वाईट झालं नव्हतं. डबी त्यानं फाटकाबाहेरच्या गटारात रिकामी केली, कारण ती खिशात सापडली असती तर चोरीचा आळ आला असता.

पाकीट आलं. नियमाप्रमाणे त्यावर फक्त क्रमांक होता, पण रंगाच्या कारखान्यातली पिवळी पूड त्या आठवड्यात दुसरी कुठली येणार? ताईंनी सील तोडलं आणि त्यांचे हात थांबले. हा पिवळा लिंबासारखा होता, किंचित हिरव्याकडे झुकणारा. नखांवरचा नव्हता, डबीतला नव्हता. तरी त्यांनी तो तोलला आणि आम्लात टाकला. शिशाचा पिवळा असता तर आम्ल नारिंगी झालं असतं. ही पूड साय धरावी तशी वर तरंगत राहिली. यंत्रानं जो आकडा दिला तो आणि कोऱ्याचा आकडा सारखेच. त्यांनी पुन्हा केलं. नवी भांडी घेऊन आणखी एकदा केलं. शिसं नव्हतंच, तर येणार कुठून! इन्स्पेक्टर येणार हे मालकाला आधी कळलं होतं, आणि पोतं बदललं गेलं होतं. कुंपणच शेत खात होतं आणि ताई शेताच्या बांधावर तराजू घेऊन बसल्या होत्या.

त्या साहेबांकडे गेल्या. साहेब माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला टेकलेला होता, इतकंच.

"साहेब, हा नमुना त्यांच्या रोजच्या मालातला नाही."

"कुणाच्या?"

ताईंनी पाकिटावरच्या क्रमांकावर बोट ठेवलं.

"बोला ना, कुणाच्या? क्रमांकामागचं नाव तुम्हाला माहीत आहे असं तुम्ही म्हणालात, तर मला ही तपासणी रद्द करावी लागेल. तुमची चौकशी लावावी लागेल. वरून विचारतील, बाईंचं कोण आहे तिथे? भाऊ आहे म्हटल्यावर तक्रारच खोटी ठरेल." साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, आपण नमुना तपासतो. कारखाना नाही."

ताई जागेवर येऊन बसल्या. जन्मभर ज्या रीतीला पूजलं तिनंच त्यांची मुंडी धरली होती. त्यांनी अहवाल लिहिला : 'शिसे आढळले नाही.' त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. मग त्यांनी तळाची छापील ओळ वाचली, पहिल्यांदाच, शब्द न् शब्द. आणि तिच्याखाली सही केली.

भावाकडे जायचं धैर्य गोळा करायला त्यांना पुढचा रविवार उजाडावा लागला. वाटेत त्यांनी सगळं घोकून ठेवलं होतं. नमुना बदलला गेला, काम सोड, डबी पुन्हा आण, आता मी रीतभात बघणार नाही.

भाऊ दारातच भेटला, खुशीत होता.

"ये ताई! अगं, सुटलो एकदाचा. काही नाही त्या पुडीत. मालकानं अहवाल मोठा करून भिंतीवर लावलाय, मिसळणीच्या खात्यात. मी जाऊन माफी मागितली. कामावर ठेवलं, मोठ्या मनाचा माणूस."

"तो नमुना खोटा होता."

"खोटा कसा? माझ्यासमोर पोतं उघडलं, माझ्यासमोर लाख लावली. सगळं रीतसर झालं."

"पोतंच दुसरं होतं. रंग बघितला नाहीस?"

"पिवळा होता की! ताई, खाली तुझी सही आहे. मी ओळखली. खात्यातल्या पोरांना दाखवली, म्हटलं, ही माझ्या बहिणीची." त्यानं ताईंकडे निरखून पाहिलं. "तू खोटी सही केलीस?"

"नाही. सही खरी आहे."

"मग?"

सही खरी, आकडा खरा आणि अहवाल सपशेल खोटा, हे भावाला कसं सांगायचं? आणि त्याला तरी ते कुठे ऐकायचं होतं? आपण मरत नाही, असा सरकारी कागद हाती आल्यावर त्याच्याशी कोण वाद घालील!

"तोंडाला फडकं बांधतोस ना?" त्यांनी विचारलं.

"आता कशाला? गुदमरतं त्यात. आणि पोटाचं म्हणशील तर ते पित्त आहे. मला बरंच वाटतंय हल्ली."

तो हसला. निळी रेघ रुंद झाली होती.

मोरीत भावजय कपडे धूत होती. ताईंनीच तिला पूर्वी बजावलं होतं, याचे कपडे वेगळे धू, पोरीच्या कपड्यांत मिसळू नकोस. आता एकाच बादलीत सगळं भिजलेलं होतं. भावाच्या सदऱ्याखालून छोट्या फ्रॉकची बाही वर आली होती. पाणी पिवळं होतं, नारिंगीकडे झुकणारं.

"वन्सं, अहवाल आला नि माझी एक कटकट मिटली बघा," भावजय म्हणाली. "आता दोनदोनदा धुवायला नको."

ताई खाली बसल्या. पदर खोचून त्यांनी बादलीतून फ्रॉक बाहेर काढला आणि नळाखाली धरला.

"अहो राहू द्या, मी धुते. तुम्ही कशाला?"

"नीट निघालं नाही गं," ताई म्हणाल्या, आणि चोळत राहिल्या.